पन्नाशीतला हिरो आणि तेरा आगंतुक

मुलांना वाचनाची गोडी कोणीतरी लावायला हवी, याबद्दल आपल्याकडे मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते हा 'कोणीतरी' कोण, याबद्दल. आईबाबांना वाटतं, शाळेने लावावी. शाळेला वाटतं, घरूनच लागून यावी. आजोबा म्हणतात, मी मागच्या पिढीला लावली होती, तिचं तुम्ही काय केलंत ते आधी सांगा. मग वाढदिवसाला पुस्तकं येतात. चकचकीत कागदासकट ती कपाटात जातात आणि योग्य मुहूर्त बघून दुसऱ्या कोणाच्या तरी वाढदिवसाला रवाना होतात. माझ्या माहितीतली एक 'इसापनीती' अशा रीतीने अख्खी सोसायटी फिरून आली आहे, एकदाही न उघडता.

यावर एक उपाय अधूनमधून सुचवला जातो : रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं आणि एकाने मोठ्याने वाचावं. उपाय उत्तम, पण वाचायचं काय? लहानांचं आणावं तर त्यात ससा आणि सशाचे सद्गुण असतात, आणि तिसऱ्या पानाला बाबा घोरायला लागतात. मोठ्यांचं आणावं तर दर दोन पानांनी आईला 'हे तू मोठा झालास की वाच' म्हणावं लागतं. सगळ्यांना चालेल असं पुस्तक मिळणं हे सगळ्यांना चालेल अशी भाजी मिळण्याइतकंच कठीण.

तरी एक आहे. जे. आर. आर. टॉल्किन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाची 'द हॉबिट' ही कादंबरी २१ सप्टेंबर १९३७ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ड्रॅगन आहे, जादूगार आहे, अंगठी आहे, बोलणारे कोळी आहेत, डोंगराखाली दडवलेला खजिना आहे. एवढ्या ऐवजामुळे दुकानदार ती मुलांच्या कपाटात ठेवतात. मुलांनाही ती आपलीच वाटते. तो समज मोडू नये. पण खरं सांगायचं तर ती एका पन्नाशीच्या गृहस्थाची गोष्ट आहे, आणि सगळ्या घराने मिळून ती वाचावी याचं कारणही तेच.

साहसकथेचा नायक कसा असतो हे आपल्याला पाठ आहे. वय बारा, आईवडील हयात नाहीत, डोळ्यांत चमक. 'द हॉबिट'चा नायक बिल्बो बॅगिन्स पन्नाशीला टेकलेला आहे आणि त्याच्या डोळ्यांत झोप आहे. हॉबिट ही जमात उंचीला बुटक्यांहूनही कमी. (बुटके म्हणजे 'हिमगौरी आणि सात बुटके'मधले, दाढीवाले, खाणकाम करणारे.) हॉबिटांना दाढी नसते, पोट असतं. तळपायाचं कातडं इतकं जाड की वहाणा लागत नाहीत, आणि पायांवर दाट केस. कपडे हिरवे-पिवळे. सकाळचा नाश्ता झाला की काही वेळाने दुसरा नाश्ता असतो, आणि जमेल तेव्हा ते रात्रीचं जेवणही दोनदा जेवतात. बिल्बो टेकडीच्या पोटात कोरलेल्या, गोल हिरव्या दाराच्या घरात एकटा राहतो. खाण्याच्या वस्तू ठेवायला खोल्याच कितीतरी. घरावर कर्ज नाही, डोक्यावर साहेब नाही. साहसाबद्दल त्याचं मत वाईट आहे, कारण साहसात जेवायला उशीर होतो.

हे वाचून दाखवत असताना आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, हा तूच आहेस." सातवीतली कन्या म्हणाली, "पण बाबाला चपला लागतात." आतून बायकोचा आवाज आला, "आणि कर्ज आहे."

माझी आई हा सगळा वेळ डोळे मिटून बसली होती. वाचन मुलांसाठी चाललं आहे आणि आपला त्याच्याशी संबंध नाही, अशी तिची अधिकृत भूमिका होती. मग लेखकाने एक गोष्ट कंसात सांगून टाकली. हे घर बिल्बोच्या वडिलांनी बांधलं आणि त्यात थोडा पैसा त्याच्या आईचा होता. आईने डोळे उघडले. "माहेरचा पैसा. आणि पाटी कोणाची? बॅगिन्सांची." तेव्हापासून ती कथेत शिरली ती शेवटपर्यंत बाहेर आली नाही. इंग्रजी पान मी आधी मुलांसाठी वाचायचो आणि मग तिच्यासाठी मराठीत सांगायचो. पुस्तकाचा मराठी अनुवादही निघालेला आहे. पण तोंडी अनुवादात आजीला मधेच प्रश्न विचारता येतात आणि नातवंडांना बाबाने काय गाळलं ते जाहीर करता येतं. या दोन्ही सोयी छापील पुस्तकात नाहीत.

पहिलं प्रकरण तर मराठी घरासाठीच लिहिलेलं आहे. गॅन्डाल्फ नावाचा म्हातारा जादूगार बिल्बोच्या दारात येतो आणि एका साहसासाठी माणूस शोधतोय म्हणतो. त्याला वाटेला लावण्याचा सभ्य उपाय म्हणून बिल्बो म्हणतो, या ना उद्या चहाला. 'या एकदा घरी' हे आपण सगळेच दिवसातून चारदा म्हणतो, कारण समोरचा येणार नाही यावर आपला भरवसा असतो. गॅन्डाल्फ मनावर घेतो. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, चहाच्या वेळी दारावर थाप पडते, आणि दारात एक अनोळखी बुटका. तो टोपी खुंटीला अडकवतो आणि आत येतो. मग आणखी एक. मग दोघं. मग पाच जण. मग चौघं, आणि त्यांच्यासोबत गॅन्डाल्फ. एकूण तेरा बुटके आणि एक जादूगार.

पुढची दोन-तीन पानं हळू वाचावीत. पहिला बुटका चहा घेतो. दुसरा म्हणतो, चहा कशाला, थोडी बिअर असली तर बरं, आणि केक चालेल. मग कोणी कॉफी मागतो, कोणी वाइन, कोणी जॅम आणि सफरचंदाचा टार्ट, कोणी चीज, कोणी पोर्क-पाय आणि सॅलड. शेवटी गॅन्डाल्फ मागून हाक देतो, येताना थंड चिकन आणि लोणचीही आण. माझ्या फडताळात काय आहे ते याला माझ्याइतकंच माहीत, असं बिल्बोच्या मनात येतं. पण त्याची खरी चिंता वेगळी आहे. केक कमी पडले तर यजमान या नात्याने आपल्याला उपाशी राहावं लागेल आणि तसं राहणं हे आपलं कर्तव्य आहे, हे त्याला ठाऊक आहे. ज्या घरात पाहुण्यांना वाढून झाल्यावर आमटीत पाणी घातलं गेलं आहे, त्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही.

आईने हिशेब मांडला. "चौदा ते आणि पंधरावा हा. दीड किलो कणीक तरी भिजवायला हवी. आणि भांडी?" भांडी बुटक्यांनी घासली, असं मी सांगितलं. घासताना ते भांडी फोडण्याचं गाणं म्हणतात, बिल्बोचा जीव खालीवर होतो, पण एक कपही फुटत नाही. "पाहुण्यांनी भांडी घासली?" आईचं मत तिथेच पालटलं. "मग चांगल्या घरचे आहेत."

बुटक्यांचं म्हणणं असं : त्यांच्या पूर्वजांचा डोंगर आणि खजिना स्मॉग नावाच्या ड्रॅगनने बळकावला आहे. तो परत मिळवायला त्यांना एक चोर हवा आहे, आणि गॅन्डाल्फच्या शिफारशीवरून बिल्बोची नेमणूक झालेली आहे. सकाळी बिल्बो उठतो तर घड्याळाखाली पत्र. नफ्याचा जास्तीत जास्त चौदावा हिस्सा, नफा झाल्यास. प्रवासखर्च मिळेल. अंत्यविधीचा खर्चही मिळेल, मात्र तशी वेळ आली आणि त्याची सोय अन्य प्रकारे लागली नाही तर. आमची ही विमा कंपनीत आहे. तिने हे कलम पुन्हा वाचायला लावलं. "अन्य प्रकारे म्हणजे?" चिरंजीव शांतपणे म्हणाले, "म्हणजे त्याला कोणी खाल्लं तर." ती म्हणाली, "ड्राफ्टिंग चांगलं आहे."

आणि बिल्बो निघतो. दुसरा नाश्ता अर्धा टाकून, टोपी, काठी, पैसे, काही न घेता धावत सुटतो, आणि थोडं पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात येतं की रुमाल राहिला. "बघ," आई मला म्हणाली. एवढंच. पण त्या 'बघ'मध्ये माझी पहिली ते दहावी होती.

हे पुस्तक जन्मलं तेही घरगुती अडचणीतून. टॉल्किनला चार मुलं. प्राध्यापकाच्या पगारात भागत नसे, म्हणून तो उन्हाळ्यात शालेय परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायला घ्यायचा. १९३०च्या आसपास असा गठ्ठा उपसत असताना एका विद्यार्थ्याने कोरं सोडलेलं पान त्याच्यापुढे आलं. कंटाळलेल्या परीक्षकाने त्यावर एक वाक्य खरडलं : जमिनीतल्या बिळात एक हॉबिट राहत होता, अशा अर्थाचं. हॉबिट म्हणजे काय हे तेव्हा त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. आपल्याकडे मुलांना बोर्डाच्या परीक्षेला पाठवताना बजावतात, एकही पान कोरं सोडू नकोस, काही ना काही लिहून ये. या एका सल्ल्याने मराठी साहित्याचं किती नुकसान झालं असेल, याचा कोणी विचार केलेला नाही.

पुढे ही गोष्ट तो संध्याकाळी मुलांना सांगू लागला. धाकटा मुलगा क्रिस्टोफर तेव्हा अगदी लहान होता. त्याने एकदा मधेच थांबवून विचारलं, बिल्बोचं दार मागच्या वेळी निळं होतं, आज हिरवं कसं? आणि बुटक्यांच्या नेत्याच्या, थोरिनच्या, टोपीचा गोंडा सोनेरी होता तो आज चंदेरी कसा? बाप काहीतरी पुटपुटला आणि उठून कागदावर नोंद करून आला. हाच क्रिस्टोफर पुढे आयुष्यभर वडिलांची हस्तलिखितं संपादित करत राहिला. पोराची चुका काढायची खोड वेळेवर ओळखली तर घरातल्या घरात संपादक तयार होतो.

वाचून दाखवणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा. झोप अनावर झाली की कोणताही बाप दोन परिच्छेद उडी मारतो, तिसऱ्यात उतरतो आणि आवाजात काही फरक पडू देत नाही. या पुस्तकात ते साधत नाही. मुलं बुटके मोजत असतात. तेरा जण पिंपात शिरले आणि तुमच्या वाचनातून बाराच बाहेर आले, तर चौकशी होते. आवाजांबद्दलही आधीच ठरवून घ्यावं. तेरा बुटक्यांना तेरा आवाज काढायला जाल तर फीली, कीली, ओरी, डोरी, नोरी, ओइन, ग्लोइन यांत घसा बसेल. नेता थोरिन याला भारदस्त आवाज द्यावा, लठ्ठ बॉम्बुरला दमलेला. बाकीच्यांना एकच आवाज चालतो. तसंही ते एकाच वेळी बोलतात.

आवाज राखून ठेवायचे ते दुसऱ्या प्रकरणासाठी. तिथे तीन राक्षस बुटक्यांना पकडून पोत्यांत भरतात आणि मग त्यांचं करायचं काय यावर भांडतात. एक म्हणतो भाजू, एक म्हणतो बारीक खिमा करून उकडू, एक म्हणतो एकेकावर बसून चेपू. एकमत झालं की झुडपाआडून गॅन्डाल्फ त्यांच्यातल्याच एकाच्या आवाजात नवी हरकत घेतो. पहाट होते, उन्हाची तिरीप पडते आणि रेसिपीचा वाद घालता घालता तिघांचा दगड होतो. आमच्याकडे भरल्या वांग्यात गूळ घालायचा की नाही यावर माझी आई आणि माझी मावशी १९८९ पासून बोलत आहेत. त्या दिवशी मुलांनी आजीकडे काळजीने पाहिलं.

पाचव्या प्रकरणात बिल्बो अंधाऱ्या गुहेत वाट चुकतो, हाताला एक अंगठी लागते ती खिशात टाकतो, आणि पुढे तळ्याकाठी गॉलम नावाचा चिकट, भुकेला प्राणी भेटतो. दोघांमध्ये कोड्यांची पैज लागते. बिल्बो जिंकला तर बाहेरची वाट, हरला तर गॉलमचं जेवण. वेताळाने पाठीवर बसून विक्रमाला घातलेल्या पेचांवर वाढलेल्या आजीला हा मामला लगेच कळला. प्रत्येक कोड्यानंतर वाचन थांबवावं आणि सगळ्यांना उत्तर शोधू द्यावं. शेवटी बिल्बोला कोडं सुचत नाही, तो खिसा चाचपत स्वतःशीच पुटपुटतो की खिशात काय आहे बरं, आणि गॉलम ते कोडं समजतो. हे नियमात बसतं का? चिरंजीव : चीटिंग. कन्या : त्याने उत्तर द्यायचा प्रयत्न केला म्हणजे प्रश्न मान्य केला. बायको : समोरच्याची हरकत होती तर ती वेळेत घ्यायला हवी होती. खुद्द लेखकालाही इथे शंका आहे, पण त्याचा निकाल साधारण कन्येच्या बाजूने लागतो. या प्रकरणाने टॉल्किनलाही स्वस्थ बसू दिलं नाही. १९३७च्या पुस्तकातला गॉलम पैज हरल्यावर निमूट वाट दाखवतो. १९५१च्या आवृत्तीत टॉल्किनने प्रकरणच बदललं, कारण तोवर त्या साध्या अंगठीची फार मोठी भानगड त्याच्या डोक्यात तयार झाली होती. नव्या आवृत्तीत गॉलम खवळून मागे लागतो.

मधल्या प्रकरणांत अस्वल होणारा माणूस आहे, गरुड आहेत, काळंकुट्ट जंगल आहे. जंगलातल्या प्रचंड कोळ्यांचं प्रकरण फार लहान मुलांना झोपायच्या आधी वाचून दाखवू नये. आणि दाखवलंच तर त्या रात्री छताकडे बोट दाखवून 'ते बघ' म्हणायचा मोह मोठ्या बहिणींना आवरायला सांगावा.

मग ती पिंपं. बुटके जंगलात राहणाऱ्या एल्फ जमातीच्या राजाच्या कैदेत पडतात, आणि अंगठीमुळे अदृश्य झालेला बिल्बो त्यांना रिकाम्या पिंपांत कोंबून नदीत सोडतो. स्वतःसाठी पिंप उरत नाही, म्हणून तो एका पिंपाला बाहेरून लटकत थंडगार पाण्यातून जातो. पुढे सरोवरातल्या गावात मेजवान्या होतात आणि आपला हिरो सर्दीने बेजार. तीन दिवस शिंका आणि खोकला, भाषण म्हणून कसेबसे दोन-चार शब्द, तेही चोंदलेल्या नाकातून. मी ते 'बी तुबचा फार आभारी आहे' असं वाचलं आणि पुढचा आठवडाभर आमच्या घरात दूध मागताना, दार उघडताना, गृहपाठ टाळताना हेच वाक्य ऐकू आलं. "रुमाल नेला असता तर," असं म्हणून आईने विषय मिटवला.

स्मॉग येतो तेव्हा मात्र सगळे सरसावून बसतात. बिल्बो एकटा अंधारात उतरतो, झोपलेल्या ड्रॅगनच्या खजिन्यातून दोन कानांचा एक पेला उचलतो आणि पळतो. सोन्याच्या डोंगरातला एक पेला. ड्रॅगनला जाग येते आणि त्याला ताबडतोब कळतं की एक पेला कमी आहे. असला राग कधीही न वापरलेली वस्तू हरवलेल्या श्रीमंतांनाच येतो, असं टॉल्किनचं निरीक्षण आहे. माझ्या अनुभवात त्याला श्रीमंतीची अट नाही. हळदीकुंकवाला बाहेर गेलेली एक वाटी परत आली नाही, हे आमच्याकडे अजून कालच्याइतकं ताजं आहे. आईला स्मॉगबद्दल सहानुभूती वाटली. "नाव घालून घ्यायला हवं होतं भांड्यांवर."

या ड्रॅगनला हिरो मारत नाही, हे पुस्तकाचं मोठेपण. मारतो तो बार्ड नावाचा धनुर्धर, फारशी पूर्वसूचना न देता. बिल्बोचं काम त्यापुढे सुरू होतं. ड्रॅगन गेल्यावर खजिन्याला वारस फुटतात. बुटके म्हणतात आमचं, गाववाले म्हणतात आमचं घर जळलं त्याचं काय, एल्फ राजा म्हणतो मीही आलोच आहे. थोरिन दगडांची भिंत रचून आत बसतो आणि कोणालाच काही देणार नाही म्हणतो. मुलांना इथे कंटाळा येईल असं मला वाटलं होतं, पण वडिलोपार्जित मालमत्ता म्हणजे काय ते मराठी मुलांना उपजत समजतं. त्यांनी फक्त विचारलं, "कोकणातल्या घरासारखं?" बिल्बो मग एक विलक्षण गोष्ट करतो. खजिन्यातलं सर्वांत मोलाचं रत्न त्याला सापडलेलं असतं; स्वतःच्या वाट्यापोटी ठेवून घेतलेलं ते रत्न तो रात्री गुपचूप विरुद्ध बाजूला नेऊन देतो, तडजोड व्हावी म्हणून. आणि परत येऊन त्याच रागावलेल्या बुटक्यांबरोबर राहतो. यापुढचं मोठं युद्ध त्याला फारसं दिसतच नाही, कारण डोक्यात दगड लागून तो बेशुद्ध पडतो.

बारा वर्षांच्या हिरोला हे जमलं नसतं. तो तलवार घेऊन पुढे झाला असता. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन मधे उभं राहायला पन्नास वर्षांचा, चार लग्नांत मध्यस्थी केलेला माणूस लागतो. बिल्बोने सबंध कादंबरीत वापरलेली शस्त्रं पाहा : अदबशीर बोलणं, भूक लागली तरी चालत राहणं, कुठे गप्प बसावं ते कळणं, आणि किल्ल्या कोणी कुठे ठेवल्या याकडे लक्ष. आपल्या घरात ही शस्त्रं बाळगणारी माणसं आहेत, हे मुलांना या पुस्तकातून कळतं. मोठ्यांनाही कळतं, आणि त्यांना ते ऐकायची जास्त गरज असते.

बायकोची एक तक्रार मात्र मला खोडून काढता आली नाही. पुस्तकात बायकाच नाहीत. नावानिशी भेटते ती बिल्बोची आई, आणि तीही गोष्टीच्या आधीच वारलेली. "म्हणूनच कोणी डबा घेतला नाही," ती म्हणाली. पीटर जॅक्सनने यावरून २०१२ ते २०१४ या काळात तीन सिनेमे काढले तेव्हा त्यालाही हे जाणवलं असावं. त्याने टॉरिएल नावाची एल्फ योद्धा मनाने घातली. सिनेमे बघा, पण नंतर. ते सुमारे आठ तासांत संपतात, पुस्तक रोज एक प्रकरण म्हटलं तर एकोणीस रात्री पुरतं, आणि पुस्तकात मधे उठून पाणी प्यायलं तर कोणी चिडत नाही.

शेवटचं प्रकरण मोठ्यांनी मोठ्यांसाठी वाचावं. बिल्बो वर्षभराने घरी येतो. सोबत एका तट्टावर मावतील एवढ्या दोन छोट्या पेट्या, एक सोन्याची, एक चांदीची. दारात गर्दी. पाहतो तर त्याच्याच घराचा लिलाव चाललेला. तो मेला असं गृहीत धरून सामान विकायला काढलेलं आहे, आणि सॅकव्हिल-बॅगिन्स नावाचे चुलत नातेवाईक आपलं फर्निचर आत मावेल का ते पाहायला खोल्या मोजत आहेत. स्वतःच्याच खुर्च्या-टेबलं त्याला बरीचशी विकत घ्यावी लागतात. तो जिवंत आहे हे कायद्याने मान्य व्हायला वर्षं जातात, आणि त्या चुलत नातेवाइकांनी तर हा खरा बिल्बो आहे हे कधीच कबूल केलं नाही. "हयातीचा दाखला," आई म्हणाली. ती दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करून येते. ड्रॅगनशी बोलून आलेल्या माणसाचीही यातून सुटका नाही, याचा तिला आनंद झाला. या गडबडीत बिल्बोचे चांदीचे बरेच चमचे नाहीसे होतात. त्याचा संशय सॅकव्हिल-बॅगिन्सांवर आहे. चमचे मिळत नाहीत.

पुस्तक कोणत्या वयाला द्यावं, हे शेवटी विचारलं जातंच. याचा पहिला निकाल १९३६ साली लागला. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांचं मत असं की मुलांच्या पुस्तकाची पारख मुलांनीच करावी. त्यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. लेखी अभिप्रायाचा दर एक शिलिंग. रेनरने गोष्ट चांगली असल्याचं कळवलं आणि पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना ती आवडेल असा शेरा मारला. स्वतः दहाचा असल्याने तो त्यातून वर आलेला होता. पहिली १५०० प्रतींची आवृत्ती डिसेंबरपर्यंत संपली. प्रकाशकाने पुढचा भाग मागितला. टॉल्किन लिहायला बसला आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' बाहेर यायला १९५४ साल उजाडलं. तोवर रेनर वडिलांच्याच कंपनीत कामाला लागला होता. त्याने कळवलं की या जाडजूड पुस्तकात हजार पौंड बुडू शकतात, पण ते थोर आहे. वडील म्हणाले, थोर वाटत असेल तर बुडव. मुलाचं वाचन त्यांनी पहिल्यापासून गंभीरपणे घेतलं होतं, आणि एका शिलिंगाची ती गुंतवणूक फार चांगली फळली.

आम्हीही ती प्रथा चालू केली. पुस्तक संपलं की प्रत्येकाने लेखी अभिप्राय द्यायचा, दर दहा रुपये. चिरंजीवांनी ड्रॅगनचं चित्र काढून लेखनातून सूट मागितली. कन्येने दीड पान लिहिलं आणि दर वाढवून मागितला. आईने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तीन ओळी लिहून दिल्या आणि हात पुढे केला : "पुस्तक बरे आहे. चमच्यांचा तपास नीट केलेला नाही. पुढचा भाग असल्यास आणणे."